झान मिस्त्रींचा शेवटचा नट

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा झान जुंगहान वडिलांच्या स्कूटरवर पाय देऊन उभा होता. स्कूटरवर म्हणजे, मागच्या चाकाच्या नटाला जो पाना लावला होता, त्या पान्याच्या दांड्यावर जो लोखंडी पाइप चढवला होता, त्या पाइपावर. नट काही सुटत नव्हता. काल सकाळपासून सुटत नव्हता. फोनवर बहीण होती, सूच्यून. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाली. घरी न्यायचं तर आजच न्या, रात्र निघायची नाही. चारला अँब्युलन्स निघतेय, तेवढ्यात दारातली ती स्कूटर हलव.

तैवानातल्या आमच्या चिआयी गावात माणसानं शेवटचा श्वास आपल्या घरात, देव मांडलेल्या पुढच्या खोलीत सोडायचा असतो. बाहेर गेला की गेला. मग त्याला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, रस्त्यावर मांडव घालून तिथंच सगळं उरकतात, आणि येणारा-जाणारा नाकाला रुमाल लावून बघत जातो. जुंगहानच्या वडिलांना, झान मिस्त्रींना, याची भारी धास्ती. तीन आठवडे हॉस्पिटलात पडून ते दोनच गोष्टी बोलत होते. एक, मला घरी ने. दोन, माझ्या स्कूटरचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, तो बदल.

आता मरणाऱ्या माणसाला टायर कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. मिस्त्रींना तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी घराच्या त्याच पुढच्या खोलीत गल्लीभरच्या स्कूटरी दुरुस्त केल्या. मुलानं दुकान चालवावं एवढी एकच इच्छा, आणि मुलगा जाऊन चिकटला जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत. तेव्हापासून बाप त्याच्याशी सरळ म्हणून बोलला नाही. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "याच्या हातात नट द्या, हा त्याची पोचपावती फाडून देईल." जुंगहान आता चोपन्न वर्षांचा होता, कचेरीत त्याच्या हाताखाली सहा माणसं होती, आणि तरी बापाच्या तोंडून एकदा बरा शब्द ऐकावा म्हणून त्याचा जीव तुटत होता. टायर बदलला तर ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं. मनुष्य कशाकशावर आशा लावतो बघा.

सायलेन्सर काढणं जमलं. त्यातच त्याची अर्धी रजा गेली. मग नट. आधी गंज सोडवणारं तेल ओतलं, मग किटलीभर उकळतं पाणी, मग हातोडी. मग म्हाताऱ्या आईची कपडे वाळत घालायची पाइपाची दांडी काढून आणली. ती पान्यावर चढवून वर नाचला तरी नट ढिम्म. शेवटी फोन ठेवल्यावर, वेळ थोडा म्हणून, त्यानं पाइपाचं दुसरं टोक शटरच्या खांबाच्या कडीत अडकवलं आणि अख्खी स्कूटरच पुढे रेटली. डोकं वाईट नव्हतं. पण नट हलला नाही, पाइप तेवढा वाकला, आणि स्कूटर, पाना, पाइप नि कडी यांची दारात अशी काही मिठी पडली की कुणी कुणाला सोडेना. दारात आता एक मांजर जाईल एवढी फट उरली होती.

"कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलव," आत आई आत्वान म्हणाली. ती देवांच्या चौरंगावर लाल कागद डकवत होती, कारण मरण देवांच्या नजरेला पडू द्यायचं नसतं. दोन बाकांवर फळ्या टाकून नवऱ्याची जागा तिनं केव्हाच करून ठेवली होती.

जुंगहान म्हणाला, बाबांच्या स्कूटरला परका हात लागला तर ते शांतपणे जातील का. आईला हे पटलं. नंतर कळलं की गॅरेजवाला सासुरवाडीला गेला होता, म्हणजे तोही मार्ग नव्हताच.

आत्वानची काळजी निराळी होती. सकाळच्या न्याहारीआधी गेलेला माणूस पोराबाळांसाठी तिन्ही जेवणं मागं ठेवतो अशी आमच्याकडची समजूत. दुपार उलटली की एकच उरतं, रात्रीचं. आणि रात्री जेवणं झाल्यावर गेला तर सगळं खाऊन गेला, पोरं पुढं कोरडी. म्हणून तिनं चूल पेटवली नव्हती आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. नवऱ्यावर तिचा जीव होता, पण नातवंडांच्या ताटावरही होता.

साडेचारला अँब्युलन्स आली. सूच्यून आधी उतरली. ती माशाच्या गोळ्यांचं सूप विकते, तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार आहे. उतरताच तिनं दाराकडे बघितलं.

"दादा, हे काय आहे?"

"सुटतोय. थोडाच राहिलाय."

"बाबा पण थोडेच राहिलेत."

ड्रायव्हरनं स्ट्रेचर खाली घेतलं आणि ओसरीत, दारासमोर लावलं. मिस्त्रींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळे मिटलेले होते. ड्रायव्हरनं सिलिंडरचा काटा बघून सांगितलं की हवा अर्ध्या तासाची आहे, आणि दुसरा सिलिंडर त्यानं आणलेला नाही, कारण उचलून आत ठेवायचं दोन मिनिटांचं काम असं त्याला सांगण्यात आलं होतं.

मागच्या दारानं नेऊ, असं तो म्हणाला तेव्हा आत्वान आतून कडाडली. ज्या दारानं खरकट्याची बादली बाहेर जाते त्या दारानं घरचा धनी आत यायचा? स्कूटर ओढून बघितली तर शटरचा खांबच हलायला लागला. पाइप कापावा तर करवत नाही, कारण दुकान बंद करताना मिस्त्रींनी सगळी हत्यारं वाटून टाकली होती आणि स्वतःसाठी हा एक पाना ठेवला होता. स्ट्रेचर वरून उचलून न्यावं तर शटर अर्ध्यावर अडकलेलं. तोवर गल्ली जमा झाली. गल्लीत मेलेल्याला खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही, पण सल्ला द्यायला वीस. कुणी म्हणालं भिंत फोडा, कुणी म्हणालं स्कूटर पेटवा. जुंगहान पाइपावर लोंबकळत होता, घामानं निथळत होता आणि प्रत्येकाला सांगत होता की सुटतोय.

मनातून मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. उद्या कचेरीतल्या नोंदवहीत तोच लिहिणार होता, मृत्यूचं ठिकाण, घराबाहेर. बापानं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तीही मुलानं दारात अडवून धरली. काटा उतरत होता.

तेवढ्यात मिस्त्रींनी डोळे उघडले.

त्यांनी बायकोकडे बघितलं नाही, मुलीकडे नाही. त्यांची नजर स्कूटरवर गेली, वाकलेल्या पाइपावर गेली, पान्यावर थांबली. तीन आठवडे सुया टोचून घेताना न दिसलेली वेदना त्यांच्या तोंडावर दिसली. बोटानं त्यांनी मास्क बाजूला सारला.

"आधी आवळ," ते म्हणाले.

जुंगहानला वाटलं, बाबा भ्रमात बोलतायत. दोन दिवस जो सोडवायला जीव काढला तो नट आणखी आवळायचा? मग तर संपलंच.

"दादा, चाळीस वर्षं हे काम कोणी केलंय? तू का त्यांनी?" सूच्यूननं विचारलं.

जुंगहाननं डोळे मिटले, पाइपाला खालून खांदा लावला आणि उलट्या बाजूला रेटा दिला. कड असा आवाज झाला. नट केसभर आवळला गेला, गंज तुटला, आणि पाइप कडीतून आपसूक निसटून खाली पडला. गुंता सुटला. आता स्कूटर बाजूला सारायची एवढंच काम होतं. पण दोन दिवस छळलेला माणूस तेवढ्यावर थांबतो का? जुंगहाननं पाना सोडवायच्या बाजूला फिरवला, नट लोण्यातून फिरावा तसा फिरला, हातात आला, चाक घरंगळलं आणि आतलं काहीतरी टिणकन उडून खोलीत गेलं.

"बाजूला हो रे बाबा," म्हणत ड्रायव्हरनं स्कूटर ढकलली आणि चौघांनी मिस्त्रींना उंबरठ्याच्या आत नेलं. फळ्यांवर ठेवलं. सिलिंडरमध्ये अजून चार मिनिटं होती.

जुंगहान काळ्या हातांनी पुढं झाला. तो नट त्यानं वडिलांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "बाबा, सुटला."

मिस्त्रींनी नट बघितला. बराच वेळ बघितला. मग ओठ हलले. जुंगहाननं कान त्यांच्या तोंडाशी नेला, ऐकलं, आणि तो वाकलेला तसाच राहिला. पाच वाजून दहा मिनिटांनी मिस्त्री गेले. आत्वाननं घड्याळाकडे बघितलं, "रात्रीचं ठेवून गेले," म्हणाली, आणि मग खाली बसून रडली.

थोड्या वेळानं सूच्यूननं विचारलं, काय म्हणाले?

"आईला सांभाळ म्हणाले."

"खोटं बोलू नकोस," आत्वान डोळे पुसत म्हणाली. "छप्पन्न वर्षांत मला सांभाळा असं ते कुणाला म्हणाले नाहीत. काय म्हणाले ते सांग."

जुंगहाननं मान खाली घातली. "म्हणाले, वायसर कुठाय?"

वायसर म्हणजे नटाखालची चकती, मघाशी टिणकन उडालेली ती. मग आत्वान म्हणाली, तर मग शोधा. माणूस काहीतरी विचारून गेलाय, उत्तर न घेता तो हलणार नाही, इथंच बसून राहील, मी ओळखते त्याला. ड्रायव्हर सिलिंडर उचलून निघून गेला, आणि दोन्ही मुलं गुडघ्यांवर आली. फळ्यांखाली, बाकांमागे, चौरंगाच्या पायांशी, हातांनी फरशी चाचपत ती रांगत होती. जुंगहानच्या नाकावरून घाम टपटपत होता.

अशा वेळी पिंगतुंगहून जिनजू आत्या येऊन दारात उभी राहिली. मिस्त्रींची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. जुन्या काळी लग्न होऊन गेलेली लेक बापाच्या मरणाला गल्लीच्या तोंडापासून रडत रांगत यायची. जिनजू आत्या स्वतः तशी आली होती, आणि आजकालच्या पोरांना गुडघे उरले नाहीत हे ती प्रत्येक मयतीत ऐकवायची. आता तिनं बघितलं तर भावाची लेक रांगतेय. आणि लेकच नाही, साहेब झालेला मुलगासुद्धा, काळ्या हातांनी, बापाच्या पायाशी, तोंडावरून पाणी वाहतंय.

आत्यानं हातातली पिशवी टाकली, ती स्वतः उंबरठ्यात गुडघ्यांवर बसली आणि हंबरडा फोडून आत रांगू लागली. तिसऱ्याच पावलाला तिचा हंबरडा भलत्याच सुरात गेला. गुडघ्याखाली काहीतरी रुतलं होतं. सूच्यून झेपावली, आत्याचा पाय उचलला आणि खालून तो तेलकट वायसर काढून भावाच्या हातात दिला.

जुंगहाननं तो बापाच्या गार तळहातावर ठेवला. म्हणाला, "सापडला, बाबा."

आत्याला यातलं काही कळलं नाही. गुडघा चोळत ती फळ्यांशी आली आणि भावाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "दादा, नशीब काढलंस रे. कसला मुलगा मिळालाय तुला."

जुंगहाननं सवयीनं मान खाली घातली आणि बाबा आता काय म्हणतात त्याची वाट बघत उभा राहिला. बाबा काही म्हणाले नाहीत. तो आणखी थोडा थांबला. मग मात्र तो इतका रडला की आत्वानला त्याला धरून बसवावं लागलं, आणि रात्रीचं जेवण त्या घरात कुणी जेवलं नाही.