जिभाऊंची अडीच गोधडी

जिभाऊ थंडी गोधडीत मोजतात.

बाकीचं जग अंशात मोजतं, ते मोजू दे. आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या पाळीची माणसं निघायच्या वेळी जिभाऊ गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर उभे राहतात. बसत नाहीत, उभे राहतात. मफलर सोडतात, पुन्हा बांधतात, घसा साफ करतात आणि जाहीर करतात, "दर्यापासून गोडादरा नाक्यापर्यंत आज सव्वा गोधडी. वारा जाताना उजव्या कानाला, येताना डाव्या. ध्यानमा ठेवा."

एवढं बोलून ते बाकावरून असे उतरतात, की जणू खाली गाडी उभी आहे आणि पुढच्या सभेला जायचंय.

जिभाऊ हे त्यांचं नाव नाही. आमच्या खान्देशात वडीलधाऱ्या माणसाला मानाने जिभाऊ म्हणतात. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर आहे, आणि ते बिल आलं की आपल्या बिल्डिंगमध्ये हे कोण राहायला आलं, असं आम्हाला दरवेळी वाटतं. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये त्यांनी उभी हयात कापड रंगवलं. आता निवृत्त आहेत. म्हणजे पगार बंद झाला आणि हवामान सुरू झालं.

त्यांचं माप सोपं आहे. पाव गोधडी म्हणजे नुसती पावलं झाकायची. ही दिवाळीनंतरची. अर्धी म्हणजे गुडघ्यापर्यंत. एक म्हणजे छातीपर्यंत. तिथून पुढे खरी थंडी. दीड म्हणजे पहिली गोधडी अंगावर आणि दुसरी कमरेपर्यंत. दोन म्हणजे दोन्ही पूर्ण. आणि मग अडीच. अडीच गोधडी सुरतेत एकदाच पडली, फार वर्षांपूर्वी, आणि जिभाऊ त्या सकाळची गोष्ट लढाईसारखी सांगतात. त्या दिवशी म्हणे नळातून पाणी पडायला तयार नव्हतं. दुधवाल्याच्या मिशीवर दव गोठलं होतं. दर वर्षी त्या गोष्टीत एकेक भर पडते. गेल्या वर्षी त्यात एक घोडा आला होता. पण दोन गोधड्यांवरची ती अर्धी गोधडी कोणती, असं विचारलं की जिभाऊ विषय बदलतात.

तुम्ही म्हणाल, असल्या अंदाजाचा उपयोग काय? तर ऐका. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे पुरुष पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत. आमचे हेसुद्धा. सकाळी मोटरसायकलवर बसलं की गारठा हाडांत शिरतो, आणि मिलमध्ये पाऊल टाकलं की वाफेने बनियन अंगाला चिकटतं. स्वेटर नेला तर तो तिथे ठेवायचा कुठे? खुंटीला लावला की त्याच्यावर रंग उडालाच. आमच्या ह्यांचा एक चांगला करडा स्वेटर असाच पाठीवर गुलाबी होऊन आला. तेव्हा स्वेटर घालायचा की नाही, हा प्रश्न इथे रोजचा आहे, आणि त्याचं उत्तर बाकावरून मिळतं. सव्वापर्यंत बिनस्वेटरचं जायचं. दीड म्हटलं की माणसं गाडी तशीच उभी करून जिन्याने वर पळतात. मी घरी साड्यांना फॉल लावते. माझं मशीन गॅलरीत आहे आणि गॅलरी बरोबर बाकाच्या वर. त्यामुळे हा सगळा खेळ मी पहिल्या रांगेतून फुकट बघते.

आणि खरं सांगते, जिभाऊंचा अंदाज कधी चुकला नाही. चुकलाच तर पाव गोधडीने, आणि तेव्हा दोष दर्याचा. "रात्री बरोबर होतं. पहाटे दर्याने दगा दिला." दर्या म्हणजे समुद्र. सुरतेची थंडी हा समुद्रच नासवतो, असं त्यांचं पक्कं मत. वरून, गावाकडून चांगली निर्मळ थंडी निघते, आणि इथे पोचेपर्यंत दर्या तिच्यात कोमट पाणी ओततो. त्याला ते रोज शिव्या घालायचे, पण तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. डुमसचा किनारा इथून बसने जाण्यासारखा, पण मिल आणि घर सोडून माणूस कुठे गेला नाही.

म्हणून आम्हीच त्यांना एका रविवारी घेऊन गेलो. ते, त्यांच्या मंडळी इंदूआक्का, आम्ही दोघं, आणि वानखेडेभाऊ. वानखेडे अकोल्याकडचे, दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिभाऊ जे म्हणतील त्याच्या उलट म्हणणं हा त्यांचा जोडधंदा. आम्ही पोचलो तर ओहोटी लागलेली. जिभाऊ कमरेवर हात ठेवून काळ्या चिखलाकडे बघत राहिले. लांब, अगदी लांब, एक चकचकीत रेघ दिसत होती. "दर्या कुठे शे?" त्यांनी विचारलं. कणसंवाल्याने ती रेघ दाखवली. जिभाऊंनी डोळ्यांवर हात धरून तिचं माप घेतलं.

"एवढासा," ते म्हणाले, "आणि एवढी दगाबाजी."

मग त्यांनी टोमॅटोची भजी खाल्ली आणि परत येईपर्यंत समुद्राबद्दल एक शब्द काढला नाही. इंदूआक्का मात्र बसमध्ये हसत होत्या, पदर तोंडाला लावून.

इंदूआक्कांबद्दल सांगायला हवं. बाई एवढीशी, बोलणं त्याहून थोडं. मिलच्या कापडाच्या चिंध्या आणून त्यांनी आख्ख्या बिल्डिंगला गोधड्या शिवून दिल्या आहेत. त्यांच्या घरातल्या दोन तर बघण्यासारख्या. एक हिरवी, एक जांभळी, आणि दोन्हींवर एवढी फुलं की अंगावर घेतल्यावर बागेत निजल्यासारखं वाटावं. जिभाऊ बाकावरून बोलत तेव्हा आक्का घरात चहा टाकत. नवऱ्याचं भाषण त्यांनी कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. हे दुसऱ्यांना काहीतरी सांगतात, एवढंच त्यांना माहीत.

यंदा डिसेंबरअखेर आक्का नाशिकला गेल्या, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. जाताना रडल्या वगैरे नाहीत. जिभाऊ तर म्हणाले, "जाऊ दे. मला गॅस पेटवता येतो."

आणि त्यानंतर बिल्डिंगचं हवामान बिघडलं.

पहिल्या दिवशी जिभाऊ म्हणाले, एक गोधडी. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी एक गोधडी. तिसऱ्या दिवशीही. आठवडा गेला, पंधरवडा गेला, थंडी चढत गेली, कुत्री बंद दुकानांच्या पायऱ्यांवर एकमेकांना चिकटून झोपायला लागली, माझी बोटं सुईवर आखडायला लागली, आणि बाकावरून रोज तेच. "दर्यापासून गोडादरा नाक्यापर्यंत, एक गोधडी." आवाज तोच, रुबाब तोच. फक्त शेवटचं "ध्यानमा ठेवा" जरा घाईने यायचं.

एका सकाळी तर तोंडातून वाफ निघत होती. जिभाऊंच्या स्वतःच्या तोंडातून निघत होती, आणि त्या वाफेतून ते म्हणाले, एक गोधडी. आमचे हे विश्वासाने बिनस्वेटरचे गेले आणि संध्याकाळी ताप घेऊन आले. आणखी दोघं आजारी पडले. वानखेडेभाऊंची हीच वेळ. दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन गेटवर आले आणि फोनमधलं हवामान वाचून दाखवू लागले.

जिभाऊ म्हणाले, "तुमचा फोन विमानतळावरची थंडी सांगतो. इथे विमानाने कोण चाललंय?"

"अन् तुम्ही कुठली सांगता जी?" वानखेडे म्हणाले. "महिनाभर एकच गोधडी. हे हवामान नाही, हा हट्ट आहे."

माणसं हसली. जिभाऊही हसले, पण उतरताना त्यांनी बाकाला हात टेकला. मग ठरलं, की उद्यापासून फोन. कुणी जिभाऊंना तसं तोंडावर सांगितलं नाही. नुसत्या गाड्या वानखेड्यांपाशी थांबायला लागल्या. जिभाऊ तरी रोज खाली यायचे, बाकावर चढायचे आणि आपलं वाक्य रिकाम्या गेटला सांगून जायचे. शेवटी शेवटी ते बाकावर बसून सांगायला लागले. बसून! मला ते बघवेना.

एका सकाळी मी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. जिभाऊ पलंगावर बसलेले, अंगावर हिरवी गोधडी, नाक लाल. आणि पायथ्याशी जांभळी. आक्कांनी जाताना जशी घडी घालून ठेवली होती तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

मी म्हटलं, "जिभाऊ, कुडकुडताय की. ती दुसरी घ्या ना अंगावर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वजनकाट्याच्या पारड्यावर बोट ठेवायला सांगितलंय.

"आपण कशी घ्यायची?" ते म्हणाले. "आपल्या हाताने घेतली तर मोजमाप खोटं व्हयी ना. निजताना एक. सकाळी उठून बघायचं, दुसरी कुठवर आलीये. गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, त्यावरून सांगायचं." मग खिडकीकडे बघत, "यंदा येतच नाही."

मला आधी हसू आलं, मग त्या जांभळ्या घडीकडे लक्ष गेलं. मी भरिताचा डबा ठेवला, रिकामा झाला की नेईन म्हटलं आणि घरी येऊन नाशिकला फोन लावला.

आक्कांना सगळं सांगायला मला बराच वेळ लागला, कारण त्यांना बाक, भाषण, सव्वा आणि दीड यातलं काही माहीतच नव्हतं. मागे बाळ रडत होतं. मी म्हटलं, रात्री त्यांच्या अंगावर दुसरी गोधडी येते कुठून?

"येई कुठून? मीच टाकस ना," आक्का म्हणाल्या. पहाटे त्यांना जाग येते. मग हात बाहेर काढून त्या गारठा बघतात, आणि जेवढा असेल तेवढी गोधडी नवऱ्यावर ओढतात. लग्न झाल्यापासूनची सवय. ते घोरत असतात, त्यांना काय कळणार?

"आणि अडीच, आक्का? वरची अर्धी?"

पलीकडे आक्कांनी बाळ लेकीकडे दिल्याचं ऐकू आलं.

"ती माझी शाल," आक्का म्हणाल्या. "एकदा फार गार होतं." मग त्या हसायला लागल्या. बसमध्ये हसल्या होत्या तशाच. "म्हणजे बिल्डिंगचं हवामान मी सांगत होते व्हय?" आणि लगेच गंभीर होऊन, "त्यास्ना सांगू नको हां, मला कळलं म्हणून."

मी सांगितलं नाही. हे गुपित पोटात ठेवताना मला जे कष्ट पडले, ते माझे मला माहीत. ह्यांना मात्र सांगितलं. ह्यांनी कुणाला सांगितलं ते मी विचारलं नाही.

बाळाला सव्वा महिना झाला आणि आक्का परत आल्या. तोवर थंडी संपली होती. साफ संपली होती. दुपारी गॅलरीचा कठडा हाताला चटके देत होता, उसाच्या रसाचे गाडे लागले होते, आणि आमच्या घरात रात्री पंखा सुरू झाला होता. आक्का संध्याकाळच्या बसने उतरल्या. जिभाऊ आणायला गेले होते. जिना चढताना दोघांचं भांडण ऐकू येत होतं, मिठाचा डबा कुणी हलवला यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसते न बसते तोच खाली घसा साफ केल्याचा आवाज आला. जिभाऊ बाकावर होते. उभे होते. मफलर सोडला, पुन्हा बांधला. कपाळावरचा घाम मला वरून दिसत होता. गेटवर गाड्या होत्या, वानखेडे हातात फोन घेऊन उभे होते.

"दर्यापासून गोडादरा नाक्यापर्यंत," जिभाऊंचा आवाज असा लागला, की शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली, "आज अडीच गोधडी."

वानखेड्यांनी फोनकडे पाहिलं. मग जिभाऊंकडे पाहिलं. मग त्यांनी फोन खिशात घातला, आणि शर्टाचं वरचं बटण, जे त्यांनी उकाड्याने उघडं ठेवलं होतं, ते लावून घेतलं.

"कान दुखून राहिले जी सकाळपासून," ते म्हणाले. "वारा कोणत्या बाजूने?"

"दोन्ही," जिभाऊ म्हणाले. "ध्यानमा ठेवा."

आमचे हे मोटरसायकल उभी करून जिन्याने वर आले. दारातच थांबले. म्हणाले, "स्वेटर दे."

पंखा पाचवर फिरत होता. मी कपाट उघडलं आणि तो पाठीवर गुलाबी झालेला करडा स्वेटर काढून दिला.