लक्षणांशी ताडून पाहावे

ठामपणा हे अननुभवाचं लक्षण आहे, असं विज्ञान मानतं, आणि आमचे सर अत्यंत अनुभवी आहेत.

सर गाठींचे तज्ज्ञ. शरीरातून काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि कॅन्सर आहे की नाही ते सोडून बाकी सगळं सविस्तर सांगायचं, हे काम ते एकतीस वर्षं करताहेत. मी त्यांचा टंकलेखक. सरांच्या नावावर कॅन्सरवरचे दोनशे बारा शोधनिबंध आहेत. पैकी दोनशे अकरांचा शेवट 'अधिक संशोधनाची गरज आहे' असा होतो. (उरलेल्याचं शेवटचं पान छापखान्यात गहाळ झालं.) रिपोर्टात ते 'शक्यता नाकारता येत नाही' लिहितात आणि खाली 'लक्षणांशी ताडून पाहावे'. हे वाक्य मी कीबोर्डच्या एका बटणावरच बसवून घेतलंय. त्या बटणावरचं अक्षर कधीच पुसलं गेलं. तरुण डॉक्टर सरांच्या हाताखाली येतात, तेव्हा पहिल्या वर्षी त्यांचं 'आहे' सुटतं, दुसऱ्या वर्षी 'नाही'. मग त्यांना पदवी मिळते.

घरीही शिस्त तीच. चहात साखर पुरेशी आहे का, असं मॅडमनी विचारलं, तर सर म्हणतात, चव गोडाकडे झुकणारी वाटते. मॅडमनी विचारणं सोडलंय.

तर माझ्या बायकोच्या मानेत गाठ आली. ती काढली आणि काच नेमकी सरांच्या टेबलावर आली. मी समोरच बसलो होतो. सरांनी चाळीस मिनिटं काच पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. मी त्या बटणावर बोट ठेवून तयार होतो.

"नाही," सर म्हणाले. "कॅन्सर नाही. टाइप नंतर कर, आधी घरी फोन लाव."

बायको फोनवर रडली. मीही रडलो.

संध्याकाळी मेहुणा आला. एवढ्या मोठ्या डॉक्टरनं एका शब्दात उरकलं म्हणजे नीट पाहिलंच नसणार, असं त्याचं मत पडलं. सासूबाईंना वाटलं, माझं तोंड बघून सरांनी खरं लपवलं. मग बायको म्हणाली, "अहो, दुसरीकडे दाखवू या का?"

काच परत मागताना मला सरांकडे बघवेना. त्यांनी ती पाकिटात घालून दिली. दुसऱ्या तज्ज्ञांनी अडीच पानं लिहिली: कॅन्सरची चिन्हं आढळली नाहीत, तथापि शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. याला म्हणतात तपासणी, असं मेहुणा म्हणाला.

याला दोन वर्षं झाली. बायको ठणठणीत आहे. सरांनी तो शब्द पुन्हा वापरलेला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

पण तुम्ही आमच्या घरच्यांना हसू नका. 'कॅन्सर नाही' हे तुम्हीही मघाशीच वाचलं होतं. तरी शेवटी काहीतरी निघेलच म्हणून इथवर वाचत आलात.