पहिल्या पत्रिकेचा मान

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, दौलताबादच्या पलीकडील डोंगरात, बिरोबाच्या पुरातन हेमाडपंती देवळाच्या तिसऱ्या पायरीवर एका बोकडाने एक लग्नपत्रिका खाल्ली. वेळेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पत्रिकेचे मालक सूर्यभानराव हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि पत्रिकेचा शेवटचा कोपरा बोकडाच्या तोंडात दिसेनासा होत असताना त्यांनी सवयीने घड्याळ पाहिले होते.

पत्रिका त्यांच्या मुलीच्या लग्नाची होती आणि लग्न गुरुवारी होते. पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवल्यावाचून दुसरी कोणालाही द्यायची नाही, हा दंडक मेंढरांमागे डोंगर तुडवणाऱ्या आजोबांपासून चालत आलेला आहे, असे सूर्यभानराव सांगत. आजोबांच्या काळी छापील पत्रिकाच नव्हत्या, ही अडचण त्यांनी दंडकाच्या आड येऊ दिली नव्हती. त्यातच विद्यापीठाच्या नामांतरावरून आठवडाभर शहरात मोर्चे आणि बंद चालू राहिल्यामुळे शहागंजातील छापखाना उघडला तो शनिवारी सायंकाळी. आता घरी दोनशे नव्व्याण्णव पत्रिका गठ्ठ्यात बांधून पडल्या होत्या. देवाला पोचल्याखेरीज गठ्ठा सुटणार नव्हता, आणि गठ्ठा सुटल्याखेरीज मांडवात माणूस येणार नव्हता.

"म्या म्हणलं व्हतं, पाय धुवाय जाताना पत्रिका माझ्याकडं द्या," सर्जेराव म्हणाले. ते त्याच कारखान्यात वेल्डर होते आणि त्यांच्याच मोटारसायकलवरून दोघे डोंगराच्या पायथ्याशी आले होते. मोर्चात घोषणा देऊन त्यांचा घसा अजून बसलेलाच होता.

"वर नारळ ठेवला होता ना मी!"

"नारळ त्यानं आधी ढकलला. त्यो बघा, खाली चाललाय."

पुजारी भिकन गाभाऱ्यातून हात पुसत बाहेर आला. सारा प्रकार ऐकून तो निर्धास्तपणे म्हणाला, "मंग पोचली की! ह्यो देवाला सोडलेला बोकड हाय. त्याच्या पोटात गेलं ते देवाला मिळालं."

"असं कसं? टपालवाल्यानं पत्र खाल्लं, तर पत्र पोचलं म्हणायचं का?"

"टपालवाला देवाला सोडलेला असतो व्हय?"

सूर्यभानरावांनी हा मुद्दा विषयांतर म्हणून फेटाळला. "मी उद्या दुसरी घेऊन येतो."

"आणा की. पर ती दुसरी. पहिली तर गेली," भिकन म्हणाला. "बिरोबाला दुसरीवर भागवता का काय?"

वादात कारखान्याच्या युनियनलाही कधी हार न गेलेले सूर्यभानराव येथे थबकले. बोकड म्हणजे देव नव्हे, असे धरले तर देवाचा मान गेला. बोकड देवाचा मानला तर वाद गेला. दोन्ही वाटा त्यांच्याच दंडकातून निघाल्या होत्या. अखेर त्यांनी वरच्या न्यायालयात जाण्याचे ठरवले. "कौल लावा," ते म्हणाले.

भिकनने शेंदराने माखलेल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर पत्रिका पावली, डावी पडली तर नाही. साडेदहा झाले, अकरा वाजले. पाकळ्या ढिम्म हलेनात. सूर्यभानराव दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहू लागले.

"आम्ही एका नावासाठी धा वर्सं वाट बघायलोत," सर्जेराव म्हणाले, "आन् तुमचा धीर एका पाकळीवर सुटायला!"

साडेबाराला एक पाकळी गळाली.

"उजवी!" भिकन ओरडला. "दिला देवानं कौल!"

"उजवी कोणाची? देवाची की आपली?"

"देवाची! कौल देव देतो, तुम्ही नाय देत."

"पडली कुठं ते दाखवा आधी."

भिकन वळून पाहतो तो बोकड त्याच्या मागून गाभाऱ्यात शिरला होता. पडलेली पाकळी त्याने खाल्लीच होती. आता मान लांबवून तो खांद्यावरची दुसरीही चघळत होता.

"घ्या! तुमचा पुरावा बी पोचला," सर्जेराव म्हणाले.

सूर्यभानरावांनी टोपी सारखी केली आणि बोकडापुढे यथाविधी हात जोडले. "गुरुवारी सकाळी अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी सहकुटुंब, सहपरिवार अगत्य यावे."

"सहपरिवार म्हणू नका, सूर्यभानराव. ह्याचा परिवार लई मोठा हाय."

तीन वाजता सूर्यभानराव विजयी मुद्रेने घरात शिरले. "सोडा गठ्ठा! पहिली पत्रिका देवाला पोचली."

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. "पहिली?" त्यांनी सुपातून डोके वर काढले नाही. "पहिली तर बिडकीनला गेली."

"काय?"

"तुम्ही तपासाय आणलेली नमुन्याची. गेल्या सोमवारी माझा भाऊ आलता, त्याला देली. पोरीच्या सख्ख्या मामाला रिकाम्या हातानं लावून देऊ का?"

"अगं, तो नमुना होता!"

"त्याला कुठं म्हाईत? त्यानं बिडकीनात घरोघर दाखवली. दोन टेम्पो करून यायलेत समदे."

सूर्यभानराव मटकन बाजेवर बसले. "म्हणजे बिरोबाला दुसरी गेली. तीही बोकडाच्या हस्ते. आता देवाला काय वाटेल?"

वच्छलाबाईंनी गठ्ठा पुढे ओढला, सुतळी दातांनी तोडली आणि निकाल दिला, "देवाला समदं चालतं. चालत नाय ते तुम्हाला."