बढतीसाठी नेलेली जाहा

"जे घरी चालतं, तेच ऑफिसात आणा," असं ट्रेनिंगवाल्या बाईंनी सांगितलं आणि मी ते मनावर घेतलं. बाकीची मंडळी ट्रेनिंगमध्ये फुकटचं सँडविच खातात आणि घरी जातात. मी मेला ऐकतो.

आमची कंपनी जॉर्डनमधली, अम्मानची, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारी. कंपनी वाढावी म्हणून विक्री आणि दुरुस्ती हे दोन विभाग एक करायचं ठरलं होतं. म्हणजे विक्रीचा प्रमुख मी आणि दुरुस्तीचा प्रमुख, या दोघांपैकी एकच राहणार आणि दुसरा लांब अकाबा बंदरावरच्या गोदामात जाणार. दुसरा कोण असणार याबद्दल मला इतकी खात्री होती, की भर हिवाळ्यात खुर्चीत बसल्या बसल्या मला घाम फुटायचा. त्यात हनादीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधीच बजावलं होतं, "अकाबाला जायचं तर एकटे जा. त्या भट्टीत मी पाऊल टाकणार नाही."

तर घरातला एकेक धडा ऑफिसात वापरायचा होता. खरेदीतल्या इस्मतनं भांडी साचू न देण्याचा धडा घेतला आणि फायलींचा ढीग हातावेगळा केला. मला आठवली जाहा. आमच्याकडे काम अवघड असलं की वडीलधारी माणसं मिळून समोरच्याच्या घरी जातात, ती जाहा. यजमान कॉफी देतो. त्यातले ज्येष्ठ कप तसाच खाली ठेवतात आणि म्हणतात, "आधी आमचं मागणं मान्य करा, मग पिऊ." दारी आलेल्याची कॉफी थंड होऊ देईल असा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. मग बढती अशी का मागू नये?

हनादीचे मामा अबू सफवान जाहा नेण्यात पटाईत. मी बेत सांगितला तर ते ताडकन उठूनच बसले.

"कोणाकडे म्हणालास? तुमच्या टाक्यांच्या कंपनीच्या हिकमत साहेबांकडे?"

"हो मामा. पण बढतीसाठी जाहा म्हणजे वेडेपणा तर नाही ना होणार?"

"छे छे! फार उत्तम कल्पना! तू फक्त तोंड उघडू नकोस. तू बोललास की काम बिघडतं."

(हे खरं असल्यामुळे बोलण्याचं काम मी मामांवरच सोपवलं.)

मी साहेबांना फोन केला. "सर, आमची वडीलधारी मंडळी शुक्रवारी आपल्याकडे येऊ म्हणतात." साहेब भरल्या आवाजात म्हणाले, "या, वासिफ. हा दिवस कधीतरी येणारच होता."

"झाली बढती!" मी हनादीला ओरडून सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि तिच्या ठेवणीतल्या कपड्यांना इस्त्री करायला लागली.

शुक्रवारी मामा काळे झगे घातलेली मातब्बर माणसं घेऊन आले. सोबत त्यांचा मुलगा सफवान, गुळगुळीत दाढी करून, अत्तराचा घमघमाट सुटलेला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"गाडी चालवायला," मामा म्हणाले.

साहेबांचा बंगला दिव्यांनी उजळलेला. मिठाईची ताटं मांडलेली, आत बायकांची लगबग, हनादीही त्यांच्यात शिरली. विक्री विभागाचा हा मान बघून माझा ऊर भरून आला. पण आज काम फसलं तर अकाबा!

कॉफी आली. मामांनी कप खाली ठेवला. त्यांनी देवाची स्तुती केली, मग साहेबांच्या आजोबांची केली. टाक्यांचा विषय काही निघेना. शेवटी ते म्हणाले, "आज आम्ही आपल्या घरातलं सर्वांत मोलाचं रत्न मागायला आलो आहोत." मला वाटलं, विभागप्रमुखाच्या खुर्चीला हे जरा जास्तच होतंय.

"आपली कन्या दीमा, आमच्या सफवानसाठी!"

निम्म्याहून अधिक जाहा मुलगी मागायलाच निघतात, हे सांगायचं राहिलं. मलाही ते त्याच क्षणी आठवलं.

मी मामांचा झगा ओढला. "मामा, विभाग! विक्री विभाग!"

"गप रे! एका कॉफीला एकच मागणं!"

साहेबांनी डोळे पुसले. "दिली. घ्या, कॉफी घ्या." आत बायकांनी आनंदानं एकच गलका केला. त्यात सर्वांत वरचा सूर आमच्या हनादीचा होता.

"दोघांचं कधीचंच जमलं होतं हो," परत येताना ती म्हणाली. "साहेबांच्याही कानावर होतं. फक्त पुढाकार कोणी घ्यायचा, यावर अडलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमच्या पोटात काही राहतं का?"

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून मिठी मारली. माझ्या जिवात जीव आला.

"वासिफ, तुमच्या बढतीवर मी सही करून ठेवली होती."

"होती?"

"आता आपण सोयरे झालो. सोयऱ्याला वर चढवलं तर लोक काय म्हणतील? आणि हाताखाली ठेवलं तर घरचे काय म्हणतील? तुम्ही जरा लांबच असलेलं बरं. अकाबाला."

"सर, पण मामा माझे नाहीत, माझ्या बायकोचे! नातं तसं लांबचंच आहे!"

"लांबचं कसलं? जाहा तुम्हीच आणलीत की!"

आता मी अकाबालाच असतो. हनादीनं आपला शब्द पाळला. मागच्या आठवड्यात सफवान आणि दीमा इथे आले. इथे समुद्र आहे, म्हणून मधुचंद्राला आमच्याकडे सगळे अकाबालाच येतात. हॉटेलं महाग, म्हणून उतरले माझ्याकडे. माझ्या खोलीत एसी आहे, तेव्हा ती त्यांना दिली.

काल मामांचा फोन आला. "वासिफ, पोरांना जरा एकांत दे बाबा. घरात सारखा घुटमळू नकोस."

"नाही घुटमळत, मामा," मी म्हणालो. माझा आवाज घुमत होता, कारण मी गोदामातल्या रिकाम्या टाकीत झोपलो होतो.