तांबड्या तळियाचे वर्तमान

श्री. डोळियांस न दिसती आणि जगाचा गाडा ओढिती, त्या सूक्ष्मांस आधी नमन करोन मग लेखणी उचलिली. शके सतराशे एकावन्न, विरोधीनाम संवत्सरे, वैशाखमासी राजधानीच्या तळियाचे पाणी तांबडे जाहले आणि कुजलिया अंडियासारखी दुर्गंधी सुटली. लोक बोलिले, तळियात रक्त उतरले. मग कोतवाल राणोजी यांणी काठच्या कोळीवाडियावर आळ घेतला की, यांणीच विष कालविले. घरे मोडावी आणि कळीचा चुना ओतोन तळे मारावे. तेव्हा म्हातारी जानकू कोळीण नातवंडे पाठीशी घालोन दारी उभी राहिली आणि म्हणाली, "आधी मला मोडा."

हे ऐकोन राजवैद्य भवानीआक्का यांणी तळियाचे पाणी आणविले, विलायती भिंगातून पाहिले आणि तैशाच राणीसाहेबांकडे धावत गेल्या. "आईसाहेब, रक्त नव्हे, फौज आहे!"

"कोणाची?"

"सूक्ष्मजीवांची. पेठेतला सडका कांदा तळियात लोटितात. कांदियाचे अंगी गंधक. तळाशी वारा पोचत नाही, तेथील जीव कांदा फोडोन गंधक सोडितात, तोच हा वास. आणि हे तांबडे जीव उन्हाचे बळे तो वास खाऊन त्याचा साधा क्षार करितात, आणि मग दुसरे जीव तोच क्षार उचलोन आपुले अंग बांधितात. कोळी निरपराध आहेत. चुना ओताल, तर मदतीस आलेलेच माराल."

तेथेच उभे कोतवाल हसोन बोलिले, "न दिसे त्याची साक्ष कोण मानील?"

"कांदा लोटणे बंद करोनही वास न गेला, तर कोळियांसंगे मलाही हद्दपार करा."

मग राणीसाहेबांनी कांदा लोटणे बंद करविले, आणि आक्का कोळीवाडियात जाऊन राहिल्या, वासाने घास उतरेना, मनी धाकही बहुत, परंतु हलल्या नाहीत. आणि ज्येष्ठ सरता सरता वास विरला, तांबडेपण ओसरले, ओढियाचे वाटे मासळी परतली. आणि राणोजींनी जानकूचे दारी येऊन पागोटे उतरविले. तिणे आत बोलावोन पाणी दिले. मग खासा राणीसाहेब काठी आल्या आणि पुसते जाहल्या, "आक्का, या फौजेस इनाम काय द्यावे?"

"ते काही मागत नाहीत, आईसाहेब."

राणीसाहेब पाणियाजवळ उतरल्या. आणि ज्यांणी कोणापुढे मान लवविली नव्हती, त्यांणी त्या निवळ पाणियास मुजरा केला.

ऐसी ही लढाई, शस्त्र न उचलिता जिंकिली. जिंकणारांची नावे कोणास ठाऊक नाहीत. पाहिले तैसे लिहिले.