लाल पट्टीतली मुलगी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, गावात धानाची रोवणी चालू असताना, शाळेत पुस्तकांच्या तीन पेट्या आल्या. गाव साकोलीकडचं, नाव सांगत नाही, उगाच शाळेला लेखी खुलासा द्यावा लागेल. प्रत्येक मुलाला त्याच्या वाचनाच्या कुवतीप्रमाणे पुस्तक मिळावं, असा योजनेचा उदात्त हेतू होता. म्हणून पुस्तकांना पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. लाल पट्टी म्हणजे नुसती चित्रं, पिवळी म्हणजे सुटे शब्द, हिरवी म्हणजे सलग गोष्ट. असं शहाणपणाचं काही वरून येऊ शकतं, याचा तिसरीच्या रुचिता मॅडमना मनापासून आनंद झाला. बिचाऱ्या नोकरीत नव्या होत्या.

पेटी उघडली तेव्हा त्यांच्या वर्गातली प्रतिक्षा पुढेच उभी होती. हिरव्या पट्टीचं एक पुस्तक उचलून तिने पहिलं पान तिथल्या तिथे खडाखडा वाचून काढलं. धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीने घरटं केलेलं, त्यात अंडं एकच, आणि कापणी तोंडावर आलेली. ती पान उलटणार तोच केंद्रप्रमुख योगेंद्र साहेबांनी पुस्तक तिच्या हातून अलगद काढून घेतलं. स्तर ठरल्याशिवाय वाचन सुरू करता येत नव्हतं.

स्तर ठरवण्यासाठी पायाभूत चाचणी झाली. वर्गातल्या एकतीसपैकी चार मुलं हिरव्यात बसली, नऊ पिवळ्यात. तक्ता पाहून साहेबांचा चेहरा पडला.

"मॅडम, डिसेंबरात अंतिम चाचणी आहे. तवा प्रगती दाखवा लागते. जे पोट्टे आताच हिरव्यात आहेत, ते डिसेंबरात कुठं जातीन?"

"हिरव्यातच राहतील, सर."

"म्हणजे प्रगती शून्य! पाच महिने शाळेनं का केलं म्हणून वरून विचारतीन, तवा मी का सांगू? पोट्टे आधीच वाचत होते म्हणून?"

मॅडमनी तक्ता नव्याने भरायला घेतला. एकतीसच्या एकतीस मुलं लाल झाली. माहिती ॲपवर चढली आणि त्या क्षणापासून खरी झाली.

प्रतिक्षाच्या वाट्याला जे पुस्तक आलं त्यात एका पानावर आंबा होता, दुसऱ्या पानावर बैल. तिने ते अर्ध्या मिनिटात संपवलं.

"मॅडम, त्या अंड्याचं का झालं जी?"

"डिसेंबरमध्ये कळेल हं."

"तवापर्यंत त धान कापून होते!"

रुचिता मॅडमना राहवलं नाही. शनिवारी त्यांनी सारसाचं पुस्तक प्रतिक्षाच्या नावावर चढवून पाहिलं. ॲपने 'अपात्र वाचक' असा शेरा दिला, आणि मॅडम घरी पोचायच्या आत साहेबांचा फोन आला. सोमवारी व्हरांड्यात परिपत्रक डकवलं गेलं आणि हिरव्या पुस्तकांच्या पेटीला कुलूप लागलं.

पुस्तक मिळेना, तेव्हा प्रतिक्षा दिसेल ते वाचू लागली. खिचडीच्या तांदळाचं पोतं वाचलं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची सूचना वाचली. सप्टेंबरात तपासणी पथक आलं, तेव्हा ती व्हरांड्यात उभी राहून मोठ्याने वाचत होती, "कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्यास स्तराबाहेरील पुस्तक हाताळू देऊ नये."

पथक जागीच थबकलं. लाल स्तरातली मुलगी परिपत्रक वाचते? त्यात काय लिहिलंय याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. आठवड्याभरात मॅडमना पत्र आलं. विषय: विद्यार्थिनी विहित कालावधीपूर्वी वाचती झाल्याबाबत. तीन दिवसांत खुलासा करावा.

प्रतिक्षाची आई, रिता, धानातलं निंदण सोडून शाळेत आली. पदराला चिखल तसाच होता.

"पोरगी वाचते त तिचा का गुन्हा आहे जी, साहेब?"

"गुन्हा नाही बाई," साहेब समजुतीने म्हणाले. "घाई आहे."

मॅडम शिक्षणसेवक होत्या आणि कायम व्हायला सात महिने उरले होते. त्यांनी खुलासा लिहिला: 'सदर विद्यार्थिनीने परिपत्रक वाचले नसून ते तिला ऐकून पाठ झाले होते.' खुलासा मान्य झाला. सोबत सूचना आली की असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून विद्यार्थिनीसाठी उपचारात्मक वर्ग घ्यावा.

तो रोज खिचडीनंतर अर्धा तास चाले. "कमळ या शब्दावर थांब," मॅडम सांगत. "बोट ठेव. क म्हण. मग वर बघ." हे सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटे, आणि तरी त्या सांगत. प्रतिक्षा मुळातच हुशार. पंधरा दिवसांत ती इतकी सुरेख अडखळू लागली की पुढच्या भेटीत साहेबांनी तिची पाठ थोपटली. जोडाक्षर आलं की नाक पुसायचं, हे तर तिने स्वतःच्या मनाने घातलं होतं.

डिसेंबरात अंतिम चाचणी झाली. एकतीसच्या एकतीस मुलं हिरव्यात गेली. ज्यांना खरोखरच वाचता येत नव्हतं त्यांच्याकडून गोष्ट पाठ करून घेतली होती. त्यांच्यावर उपचार करायला वेळ कुणाला होता?

त्या दुपारी मॅडमनी कुलूप काढलं, सारसाचं पुस्तक शोधलं आणि स्वतःच्या हाताने प्रतिक्षाला दिलं. बाहेर बांध्या कधीच मोकळ्या झाल्या होत्या.

"घे. आता तुझंच आहे. वाच, काय झालं त्या अंड्याचं."

प्रतिक्षाने पान उघडलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मग दाराकडे पाहून हळूच विचारलं,

"मॅडम, याच्यात कोणकोणत्या शब्दावर अडखळू जी?"



पुढच्या आठवड्यात पेपरात फोटोसह बातमी आली. जुलैत या शाळेतल्या तिसरीचं एकही मूल वाचू शकत नव्हतं, आज सगळीच्या सगळी वाचतात. तुम्हीही वाचली असेल ती, सकाळच्या चहाबरोबर. त्या बातमीत अडखळावं अशी एक जागा होती. तुम्ही एका दमात वाचून पान उलटलंत.