अर्धे हसू

वकीलसाहेबांच्या दाढेवरची टोपी नेमकी उलटतपासणीच्या सकाळी टोस्टबरोबर निघून आली. ठणका मस्तकात गेला. दातांच्या डॉक्टरांनी दाढ बधिर केली, आत डोकावून "अरे वा," म्हटले आणि आणखी एक इंजेक्शन दिले. तात्पुरती टोपी बसवल्यावर त्यांनी विचारले, "कोर्टात कितीला पोचायचंय?" वकीलसाहेबांनी सांगितले, पण ते कोणालाच कळले नाही.

ज्युनिअर म्हणून त्यांची मुलगीच सोबत होती. सनद मिळून तिला वर्षही झाले नव्हते. गाडीत ती म्हणाली, "बाबा, आरशात बघू नका." त्यांनी बघितले. डावा गाल लोंबला होता आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक हसू अडकून बसले होते. काही केल्या ते जाईना.

वकीलसाहेबांनी अर्धे आयुष्य सरकारतर्फे खटले चालवले होते. टाय लावून चोरी करणारी कितीतरी माणसे त्यांनी आत पाठवली. पुढे वरचा सुटतो आणि खालचा अडकतो, हे पाहवेना, तेव्हा ते बचावाच्या बाजूला आले. आजचा अशील होता एका कंपनीचा हिशेबनीस. सगळ्या अफरातफरीचे खापर त्याच्या डोक्यावर फुटले होते, आणि आज त्यातून सुटला नाही तर तुरुंग ठरलेला. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "साहेब, तुम्ही ज्यांना आत पाठवलंत, तेही तुमचं नाव आदराने घेतात. म्हणून आलो."

गाडीत शब्दांची चाचणी झाली. जिभेचे टोक लागते ते सगळे शब्द वाहून जात होते. धड निघाला तो एकच.

"मग?"

"बाबा, आपण तारीख मागू."

न्यायाधीशांनी तारीख दिली नाही. "साक्षीदार उद्या परदेशी निघालेत. आजच संपवा." मुलगी "मी विचारते" म्हणेपर्यंत वडील उठून उभे राहिले होते.

पिंजऱ्यात कंपनीचे मालक होते. हिशेबनिसाने परस्पर आकडे बदलले, आपण तेव्हा बाहेरगावी होतो, असे त्यांनी नुकतेच ठासून सांगितले होते. वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. उजवा कोपरा हसत होता.

"मग?"

"मग काय? सांगितलं ना, बाहेरगावी होतो." हसू हलले नाही. "म्हणजे... सोमवारी परत आलो होतो म्हणा."

"मग?"

"आल्यावर त्या हिशेबांवर सह्या केल्या. आम्हाला वाचायला वेळ कुठे असतो?"

सरकारी वकील उठले. ते एकेकाळी वकीलसाहेबांच्याच हाताखाली तयार झालेले. "हरकत आहे. ते साक्षीदाराकडे बघून हसतायत."

"हसायला कायद्यात मनाई नाही," न्यायाधीश म्हणाले. "आणि साक्षीदार उत्तरं देतायत."

"मग?"

मालकांनी कपाळ पुसले. "सगळं माहितीय, तर विचारता कशाला? मीच त्याला आकडे बदलायला सांगितलं. तो नाही म्हणाला. मग दुसऱ्याकडून करून घेतलं, त्याचं नाव घालून."

सरकारी वकील हळूच खाली बसले. "विचारायचं थोडं, ऐकायचं फार," वकीलसाहेबांनीच शिकवलेले वाक्य ते स्वतःशी पुटपुटले. हिशेबनीस रुमालात तोंड लपवून बसला होता.

संध्याकाळपर्यंत बधिरपणा उतरला आणि ठणका परत आला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. तेवढ्यात फोन आला. मालकांचा.

"साहेब, आता मला पकडणार. माझी केस तुम्हीच घ्या." इकडून आवाज नाही. "गप्प आहात, म्हणजे दुसऱ्या खात्याचंही कळलेलं दिसतंय. ते असं झालं की..."

वकीलसाहेबांनी तोंडावरचा बर्फ बाजूला केला. "एक अक्षर बोलू नका," ते स्पष्ट म्हणाले. "मला नाही आणि कोणालाच नाही. मी तुमची केस घेऊ शकत नाही. आधी चांगला वकील गाठा, मग तोंड उघडा."

त्यांनी फोन ठेवला. तात्पुरती टोपी टणकन फरशीवर पडली आणि कपाटाखाली गेली. बाप-लेक गुडघ्यांवर बसून ती शोधू लागले.

"बाबा, दाढेची टोपी घालवून सल्ला दिलात," ती कपाटाखाली हात घालत म्हणाली. "तोही फुकट. तोही त्या माणसाला."

"मग?" वकीलसाहेब म्हणाले.

या वेळी हसू पूर्ण होते.